अष्टमीची ओहोटी : ठाण्याच्या खाडीतील ऑक्सिजनच्या तुटीचे एक प्रकरण

पदवीच्या विद्यार्थ्यांना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायला शिकवताना आम्ही बरीच वर्षे प्रयोगशाळेतल्या नळाचे पाणी वापरत होतो. प्रयोग बिनचूक व्हायचा आणि कुणाच्याही लक्षात राहायचा नाही. म्हणून एका एप्रिलमध्ये ऐरोलीच्या बाजूने होडी करून खाडीच्या वरच्या अंगाला जायचे आणि एकाच जागी दोनदा नमुने घ्यायचे ठरले. पहिली फेरी पौर्णिमेच्या दुपारी बाराला झाली, दुसरी पुढच्या अष्टमीला, तीही दुपारी बारालाच.

विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याच्या विंकलर पद्धतीची बाटली तीनशे मिलिलिटरची असते आणि तिचे काचेचे बूच तिरके घासलेले असते, जेणेकरून आत हवेचा बुडबुडा अडकू नये. काठोकाठ भरलेल्या पाण्यात पिपेटने मँगनीज सल्फेट सोडायचे, त्यामागून अल्कलीयुक्त आयोडाइड सोडायचे आणि बूच दाबून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तांबूस तपकिरी साका धरतो आणि पिंजलेल्या कापसासारखा हळूहळू खाली बसतो. ऑक्सिजन नसेल तर साका पांढराच राहतो. आकडा काढण्यासाठी पुढे आम्ल, थायोसल्फेट आणि स्टार्च हे सोपस्कार असतातच, शिवाय खाडीच्या पाण्यातील नायट्राइटमुळे उत्तर फुगू नये म्हणून अझाइड घातलेले द्रावण वापरावे लागते. मात्र १८८८ मध्ये मांडलेल्या या पद्धतीची खरी गंमत साक्याच्या रंगातच आहे. पौर्णिमेच्या बाटलीत गडद तपकिरी साका बसला. अष्टमीच्या बाटलीत तो दुधात चहाचे चार थेंब पडावेत इतपतच रंगला. मुले बाटल्या उन्हाकडे धरून पाहत असताना होडीवाले काका म्हणाले, ‘सर, पुनवेला तुम्ही नेलंत ते समुद्राचं पाणी होतं. हे आजचं आपलं आहे.’

काकांच्या या दोन वाक्यांत प्रकरणाचा बराचसा निकाल आहे. ठाण्याच्या खाडीतील ऑक्सिजनच्या तुटीबद्दल बोलताना आपण सहसा ‘सांडपाण्यामुळे प्रदूषण’ एवढ्यावर थांबतो. ते खोटे नाही, पण त्यातून दोन गोष्टी निसटतात. सांडपाण्यातील घाण काढून टाकली तरी त्यातील नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) ही पोषकद्रव्ये बहुतांशी उरतात आणि ऑक्सिजनवरचा त्यांचा बोजा घाणीच्या बोजाइतका किंवा त्याहून मोठा असू शकतो, ही पहिली. खाडीतील ऑक्सिजनचा कोणताही आकडा तिथी आणि तास सांगितल्याशिवाय जवळजवळ निरर्थक असतो, ही दुसरी.

नदी नसलेली खाडी

ठाणे शहरापासून मुंबई बंदरापर्यंत ही खाडी सुमारे २६ किलोमीटर पसरली आहे. बंदराच्या तोंडाशी ती काही किलोमीटर रुंद आहे, तर विटावा आणि कळव्याच्या बाजूला तिची रुंदी काही शे मीटरांवर येते. नकाशात ती एखाद्या नदीचे मुख वाटते, पण तिला स्वतःची म्हणावी अशी मोठी नदी नाही. उल्हास नदी ठाण्याच्या उत्तरेने पश्चिमेला वळून वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते आणि ठाण्याच्या खाडीशी तिचे नाते एका अरुंद, उथळ चिंचोळीपुरते उरते. पावसाळा सोडला तर वरून लोटणारे पाणी जवळजवळ नाहीच. वरच्या अंगाचे पाणी ओहोटीने खाली सरकते आणि समुद्रात पुरते मिसळण्याआधीच पुढच्या भरतीने त्यातले बरेचसे परत वर ढकलले जाते.

तरीही कोरड्या आठ महिन्यांत गोड्या पाण्याचा एक अखंड प्रवाह या खाडीत येतच असतो. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या एकूण साठ्यापैकी जवळजवळ निम्मा एकट्या भातसाचा आहे आणि भातसा ही उल्हासच्या खोऱ्यातील नदी. तिचे पाणी जलवाहिन्यांतून शहरात येते, स्वयंपाकघरे, मोऱ्या आणि शौचालये यांतून फिरते आणि पूर्व उपनगरांतला त्याचा वाटा अखेर खाडीत उतरतो. शहराच्या सात मलजल विभागांपैकी वरळी आणि वांद्रे यांचे पाणी समुद्रात तीन किलोमीटरांहून लांब गेलेल्या पातमुखांतून, म्हणजे सांडपाणी सोडणाऱ्या वाहिन्यांच्या तोंडांतून, सोडले जाते, पण भांडुप आणि घाटकोपर विभागांची दिशा खाडीकडे आहे. पलीकडून नवी मुंबई आणि ठाण्याचे पाणी येते. मलवाहिन्याच न पोहोचलेल्या वस्त्यांचे नाले येतात. काठावर १९२७ पासून चालू असलेली, सुमारे १३२ हेक्टरांची देवनारची कचराभूमी आहे, आणि अशा जुन्या कचऱ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात अमोनिया भरपूर असतो. थोडक्यात, एप्रिल-मेमध्ये ठाण्याच्या खाडीची नदी म्हणजे आपणच.

नत्राचा हिशेब

सांडपाणी पाण्यातला ऑक्सिजन खाते म्हणजे नेमके काय होते? त्यातील सेंद्रिय पदार्थ जिवाणू खातात आणि तसे करताना ऑक्सिजन वापरतात. ही भूक जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी, या आकड्याने सांगितली जाते. आपल्याकडची प्रमाणित चाचणी २७ अंश सेल्सियसला तीन दिवस चालते. घरगुती मलजलाचा बीओडी लिटरमागे साधारण २०० मिलिग्राम धरला जातो आणि प्रक्रिया केंद्राचे यशापयश मुख्यतः हा आकडा किती खाली आला यावर ठरते.

पण त्याच लिटरभर मलजलात साधारण ४० मिलिग्राम नत्रही असते. त्यातील बराचसा अमोनियाच्या किंवा लवकरच अमोनिया होणाऱ्या रूपात असतो. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू वेगळे असतात आणि ते फार सावकाश वाढतात. तीन दिवसांच्या चाचणीत बहुधा त्यांची गाडी सुरूच होत नाही, त्यामुळे त्यांची मागणी आकड्यात दिसत नाही. खाडीला मात्र तीन दिवसांची मुदत नसते. एक ग्रॅम अमोनियाजन्य नत्राचे नायट्रेट व्हायला ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. हे रसायनशास्त्राचे साधे गणित आहे, त्यात घासाघीस चालत नाही.

हे आकडे खाडीला लावून पाहू. मुंबईच्या नव्या मलजल प्रकल्पात घाटकोपरच्या केंद्राची क्षमता दिवसाला ३३७ दशलक्ष लिटर आणि भांडुपची २१५ दशलक्ष लिटर आहे, म्हणजे एकूण ५५२. इतके मलजल मुळीच प्रक्रिया न होता गेले असे धरले तर बीओडी दिवसाला सुमारे ११० टन आणि नत्र सुमारे २२ टन होतो. या २२ टनांचे नायट्रेट व्हायला १०० टन ऑक्सिजन लागेल. एकाची नोंद होते आणि दुसऱ्याची होत नाही, पण वजनाने दोन्ही जवळजवळ सारखे आहेत.

आता केंद्र चालू झाले आणि बीओडी २० वर आला असे धरू. नोंदवहीत ११० टनांचे ११ टन होतात, नव्वद टक्के काम फत्ते. पण केवळ सेंद्रिय कार्बन काढण्यासाठी बांधलेल्या केंद्रातून नत्र तितका जात नाही. गाळाबरोबर त्याचा चौथा हिस्सा निघून गेला असे मानले तरी साडेसोळा टन उरतो आणि त्याची मागणी ७५ टनांच्या घरात जाते. ११ टन दिसतात, ७५ दिसत नाहीत. आपल्या उष्ण हवेत हवा फुंकणाऱ्या टाक्यांमध्येच बऱ्याच अमोनियाचे नायट्रेट होऊन जाते आणि तेवढा ऑक्सिजन खाडीऐवजी टाकीत खर्च होतो, हे खरे आहे. पण तसे झाले तरी नत्र खाडीत जातोच, फक्त नायट्रेटच्या रूपात, आणि तिथून दुसरी साखळी सुरू होते.

ही दुसरी साखळी शैवालाची आहे. पाण्यातील सूक्ष्म वनस्पतिप्लवक आपले शरीर बांधताना कार्बन, नत्र आणि स्फुरद यांचे अणू साधारण १०६ : १६ : १ या प्रमाणात वापरतात आणि त्या शरीराचे पूर्ण विघटन व्हायला ऑक्सिजनचे १३८ रेणू लागतात. वजनात मांडले तर एक ग्रॅम नत्र जवळजवळ २० ग्रॅम ऑक्सिजनची उधारी उभी करू शकतो, आणि एक ग्रॅम स्फुरद सुमारे १४० ग्रॅमची. इथे कुणीही विचारेल की शैवाल वाढताना तितकाच ऑक्सिजन बाहेरही टाकते, मग तोटा कसला? तोटा हिशेबाच्या जागेत आणि वेळेत आहे. ऑक्सिजन दिवसा, वरच्या थरात तयार होतो आणि पाणी संपृक्त झाले की जादाचा हवेत निघून जातो. मेलेले शैवाल मात्र खाली बसते आणि त्याच्या विघटनाची वसुली तळाशी, रात्रंदिवस चालते.

वीसपटीचे हे गणित कमाल मर्यादा सांगते, रोजचे वास्तव नाही. ठाण्याच्या खाडीत गाळ इतका असतो की होडीतून हात पाण्यात घातला तर मनगट दिसेनासे होते. पोषकद्रव्ये मुबलक असूनही प्रकाशाअभावी शैवालाची वाढ अडते. म्हणून ‘नत्र कमी केला की शैवाल लगेच कमी होईल’ असे आश्वासन या खाडीच्या वरच्या अंगासाठी देता येत नाही. तिथे अमोनियाची थेट मागणी अधिक महत्त्वाची ठरते. शैवालाचा हिशेब खुलतो तो खाली, बंदराकडच्या तुलनेने स्वच्छ पाण्यात आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलमैदानांवर.

इथेच फ्लेमिंगोंचा विषय येतो. २०१५ मध्ये खाडीचा १,६९० हेक्टरांचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. छोटा फ्लेमिंगो सूक्ष्म शैवालावर जगतो, आणि शहराच्या सांडपाण्याने पोसलेल्या शैवालामुळेच तो इथे हजारोंनी येऊ लागला असावा, असे अनेक पक्षीअभ्यासक मानतात. गुलाबी थवे दिसले की खाडी निरोगी आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण पक्षी हवेत श्वास घेतो आणि त्याचे ताट पोषकद्रव्यांनी भरते. त्याच चिखलावर उड्या मारणारी निवटी ही मासोळीही ओल्या त्वचेतून हवा घेऊ शकते. या दोघांच्या हजेरीवरून पाण्यातल्या ऑक्सिजनबद्दल काही सांगता येत नाही. सांगता येते ते बोय, कोळंबी आणि कालवांवरून.

तिथी, तास आणि गाळ

पोषकद्रव्यांमुळे ऑक्सिजन संपल्याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणजे अमेरिकेतील चेसापीक उपसागर. त्याची लांबी सुमारे ३०० किलोमीटर आहे आणि पाणलोट क्षेत्र सुमारे १ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर, सहा राज्यांत पसरलेले. वसंतात नद्यांचे गोडे पाणी वर आणि समुद्राचे जड खारे पाणी खाली असे थर बसतात, वरचा ऑक्सिजन खाली उतरत नाही आणि शेतीतून वाहून आलेल्या खतांवर वाढलेले शैवाल तळाशी कुजते. परिणामी उन्हाळ्यात तळाच्या मोठ्या पट्ट्यात ऑक्सिजन लिटरमागे २ मिलिग्रामच्या खाली जातो. तिथली भरती-ओहोटी मीटरभरही नसते, त्यामुळे थर मोडत नाहीत.

ही आकृती जशीच्या तशी मुंबईवर ठेवली की उत्तर चुकते. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेतीन-चार मीटरांचा फरक पडतो, पाणी रोज दोनदा तळापासून ढवळले जाते आणि कोरड्या ऋतूत थर फारसे टिकत नाहीत. आपली तूट अशी एका जागी बसलेली नसते, ती चालती असते. भरतीला ती खाडीच्या टोकाकडे दाबली जाते, ओहोटीला खाली पसरते. उधाणात, म्हणजे मोठ्या भरत्यांच्या दिवसांत, ती आकसते आणि भांगात, म्हणजे लहान भरत्यांच्या दिवसांत, फुगते. अमावास्या-पौर्णिमेनंतर आठवड्याने येणाऱ्या भांगाच्या दिवसांत हाच फरक दीड मीटरच्या आसपास येतो, खाडीचे पाणी बदलण्याचा वेग मंदावतो आणि नाल्यांची आवक मात्र तिथी पाहून कमी होत नाही. तीन-चार दिवसांची आवक टोकाला साचत जाते. वर्तमानपत्रे पावसाळ्यात साडेचार मीटरांवरील भरत्यांची यादी आवर्जून छापतात, कारण तेव्हा शहर बुडण्याची भीती असते. खाडीच्या दृष्टीने घाबरायचे दिवस नेमके त्या यादीत नसलेले असतात.

भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करावी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास खाडी भरलेली असते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या पुढेमागे आणि ओहोटी दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास. खाडीच्या टोकाला या वेळा थोड्या उशिरा येतात, पण क्रम बदलत नाही. आमच्या दोन बाटल्यांतला फरक इथेच उलगडतो. पौर्णिमेच्या दुपारी आम्ही उधाणाच्या पूर्ण भरतीचे, नुकतेच समुद्रातून आलेले पाणी मोजले. अष्टमीच्या दुपारी भांगाच्या ओहोटीचे, अनेक दिवस तिथेच हेलकावत राहिलेले पाणी मोजले. आणि तेही डोक्यावर ऊन असताना, म्हणजे जे काही शैवाल होते ते ऑक्सिजन बनवत असताना. त्याच अष्टमीची मध्यरात्रीची ओहोटी कशी असेल? ऊन नाही, शैवालही आता श्वास घेणाऱ्यांच्याच पंगतीत बसलेले, आणि पाणी तेच.

उलटही एक वेळ आहे. उधाणाच्या दिवसांत ओहोटी पहाटे सहाच्या सुमारास येते. रात्रभराचे श्वसन संपत आलेले असते आणि पाणी सर्वांत खाली उतरल्याने टोकाला जे उरते त्यात नाल्यांचा वाटा सर्वाधिक असतो. वेगवान प्रवाहाने तळाचा काळा गाळही उकरला जातो. म्हणजे वाईट वेळा दोन आहेत, भांगाची मध्यरात्र आणि उधाणाची पहाट, आणि दोन्ही कार्यालयीन वेळेच्या बाहेर आहेत. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत नमुने घेणारा माणूस कितीही प्रामाणिक असला तरी त्याची वही खाडीपेक्षा बरी दिसणार.

यात तापमानाची भर पडते. तीस अंशांच्या समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन पूर्ण संपृक्त झाला तरी तो लिटरमागे ६.२ मिलिग्रामच्या आसपासच असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांत स्नान आणि व्यावसायिक मासेमारीच्या पाण्यासाठी किमान ४ मिलिग्राम अपेक्षित आहे, तर बंदराच्या पाण्यासाठी ३. म्हणजे मे महिन्यात पूर्ण भांडवल आणि किमान गरज यांत जेमतेम दोन-सव्वादोन मिलिग्रामचे अंतर असते, आणि नेमक्या त्याच उष्णतेने जिवाणूंची भूक वाढलेली असते. थंड प्रदेशातील खाड्यांना पचणारा बोजा आपल्याला पचत नाही, याचे एक कारण हे आहे.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. जूनच्या पहिल्या मोठ्या सरींबरोबर नाल्यांच्या तळाशी साठलेला गाळ एकदम खाडीत लोटतो आणि त्या एक-दोन दिवसांत ऑक्सिजन झपाट्याने खाली जाऊ शकतो. ओढ्या-शेतांत चढणीचे मासे धरायची लगबग असते त्याच सुमारास खाडीत बोय पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात, आणि त्यांना हातजाळ्यानेही सहज उचलता येते. असा मासा कोळी स्वतः घरी नेत नाहीत. त्यानंतर जुलै-ऑगस्टमध्ये पाणी पुष्कळ येते, बोजा विरळ होतो आणि खाडी धुऊन निघते. ऑक्टोबरनंतर पाटी पुन्हा भरायला लागते.

पाटी पूर्ण कोरी मात्र कधीच होत नाही, याचे कारण गाळ. कांदळवनातला चिखल मुळातच काळा असतो आणि त्याला सडक्या अंड्यांसारखा वास असतो. तिवरांची पाने कुजण्याची ती नैसर्गिक प्रक्रिया आहे, तेवढ्यावरून नाक मुरडण्याचे कारण नाही. पण त्या नैसर्गिक थरावर कित्येक दशकांचे मलजल बसले आहे. ऑक्सिजन असताना स्फुरद गाळातील लोहाला बांधलेला राहतो. ऑक्सिजन संपला की लोहाचे रूप बदलते आणि तो स्फुरद पुन्हा पाण्यात सुटतो. नत्राची तऱ्हा आणखी वाईट आहे. निरोगी गाळात अमोनियाचे आधी नायट्रेट होते, मग खालच्या ऑक्सिजनहीन थरात त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन तो हवेत निघून जातो, म्हणजे खाडी फुकटात स्वतःची सफाई करते. पण वरच्या थरातच ऑक्सिजन उरला नाही आणि गाळातून सल्फाइड वर येऊ लागले की पहिल्या पायरीचे जिवाणू दबतात, नायट्रेट बनत नाही, आणि पुढची पायरी उपाशी राहते. अमोनिया जिथल्या तिथे साचतो. अर्थात तूट स्वतःच पुढच्या तुटीची सोय करून ठेवते.

मानकातून गळलेला रकाना

हे सारे आपल्या नियमकर्त्यांना माहीत नव्हते असे नाही. मलजल केंद्रांसाठी केंद्र सरकारने २०१५ मध्ये काढलेल्या मसुद्यात बीओडी १० मिलिग्राम तर होताच, शिवाय अमोनियाजन्य नत्र ५ आणि एकूण नत्र १० अशा मर्यादाही होत्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये अंतिम अधिसूचना आली तेव्हा महानगरांसाठी बीओडी २० झाला आणि नत्राचे रकाने गळून पडले. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एकूण नत्राची १० मिलिग्रामची मर्यादा पुन्हा आणली. चार वर्षांत एक रकाना आला, गेला आणि परत आला. खर्चाचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे, कारण नत्र काढायचा तर टाक्या मोठ्या लागतात आणि चालकाला हवा कधी चालू ठेवायची व कधी बंद याचे भान ठेवावे लागते. पण २०१७ चा नियम खाडीच्या नजरेतून वाचला तर त्याने बोजाचा लहान भाग मोजायचा ठेवला आणि मोठा सोडून दिला, असेच म्हणावे लागते.

तांत्रिक अडचण मोठी नाही. एकाच टाकीत हवा आलटून पालटून चालू-बंद करणाऱ्या क्रमशः बॅच पद्धतीत अमोनियाचे नायट्रेट आणि नायट्रेटचा वायू ही दोन्ही कामे होतात, आणि या पद्धतीची केंद्रे खाडीच्या पलीकडच्या काठावर, नवी मुंबईत, बरीच वर्षे चालू आहेत. मुंबईच्या बाजूला जानेवारी २०२३ मध्ये पायाभरणी झालेल्या सात केंद्रांची एकत्रित क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर आहे. घाटकोपर आणि भांडुपचे ५५२ दशलक्ष लिटर पाणी नत्राच्या १० मिलिग्रामच्या मर्यादेत बाहेर पडले, तर खाडीत जाणारा नत्र २२ टनांवरून साडेपाच टनांवर येईल.

मात्र यात एक ‘तर’ दडलेला आहे. केंद्राची क्षमता आणि केंद्रापर्यंत पोहोचणारे मलजल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मलवाहिनीला न जोडलेल्या वस्तीचे पाणी जवळच्या नाल्यात जाते आणि नाला केंद्राला वळसा घालून खाडीत उतरतो. माझ्या मते पुढील काही वर्षांत खाडीचे भवितव्य टाक्यांपेक्षा या जोडण्यांवर आणि नाल्यांच्या तोंडाशी कोरड्या ऋतूतला प्रवाह अडवून केंद्राकडे वळवण्यावर अधिक अवलंबून आहे. उद्घाटनाची फीत मात्र टाकीपुढेच बांधली जाते, जोडणीपुढे नाही.

समजा हे सर्व झाले, तरी फरक कोणत्या क्रमाने दिसेल? नाल्यांच्या तोंडाशी अमोनिया आधी उतरेल, बहुधा पहिल्या कोरड्या ऋतूतच. भांगाच्या दिवसांत तुटीचा पट्टा त्यानंतर आखूड होत जाईल. गाळ सर्वांत शेवटी बदलेल, कारण त्यात साठलेला स्फुरद आणि सेंद्रिय पदार्थ वर्षानुवर्षे हप्त्याहप्त्याने बाहेर पडत राहतील. चेसापीकसाठी २०१० मध्ये नत्र २५ टक्के आणि स्फुरद २४ टक्के घटवण्याचे बंधनकारक लक्ष्य ठरले. तिथली प्रगती टप्प्याटप्प्याने, खालीवर होत आली आहे. मधल्या काळात पौर्णिमेच्या दुपारी घेतलेला एखादा छानसा आकडा दाखवून कुणी खाडी सुधारली म्हणेल, आणि उधाणाच्या पहाटे घेतलेला आकडा दाखवून दुसरा कुणी पैसे पाण्यात गेले म्हणेल. दोघांचेही आकडे खरे असतील. हा वाद मिटवायचा तर खाडीच्या टोकाला, मध्यावर आणि बंदराकडे दर पंधरा मिनिटांनी ऑक्सिजन नोंदवणारे संवेदक बसवणे आणि ते शेवाळ-शिंपल्यांपासून आठवड्याला घासून स्वच्छ ठेवणे, हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

आमच्या प्रयोगशाळेला ते परवडणारे नाही. आम्ही नोंदवहीत तारखेच्या पुढे तिथी, भरतीची वेळ आणि नमुन्याची वेळ असे तीन रकाने वाढवले आहेत. मागच्या वर्षांच्या पानांवर हे रकाने कोरे आहेत, पण तारखेवरून जुन्या पंचांगात तिथी सापडते, म्हणून विद्यार्थ्यांनी ती पेन्सिलीने भरायला घेतली आहे. भरताना त्यांच्या लक्षात आले की आमच्या आधीच्या बहुतेक सहली चतुर्दशी, पौर्णिमा किंवा प्रतिपदेला झाल्या होत्या, कारण त्या दिवशी दुपारी धक्क्याला पाणी भरपूर असते आणि होडीत चढताना कुणाचे बूट चिखलात जात नाहीत.